पडद्याच्या आधीचं चित्र

दुसऱ्या दिवशी थिअरी ऑफ मशीन्सचा पेपर होता आणि रात्री दीड वाजता मी रिव्हेंडेल नावाच्या, जगात कुठेही नसलेल्या गावातली घरं बघत बसलो होतो! पुस्तक रूम-पार्टनरचं. नाव 'द आर्ट ऑफ द फेलोशिप ऑफ द रिंग', संपादक गॅरी रसेल, साल २००२. वाचायला असं त्यात फारसं काही नाही. पानापानावर पेन्सिलची रेखाटनं, शिरस्त्राणांचे दहा-दहा नमुने, धुक्यातले पूल आणि खाली दोन-चार ओळी. पार्टनर झोपेतून म्हणाला, "अबे, पिक्चर तीनदा पाहिला ना? मग यात काय नवीन आहे?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पेपरचं काय झालं ते कृपया विचारू नका. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर मिळालं, आणि तेही आमच्या कोंढ्याला. हा लेख म्हणजे ते उत्तर.

कन्सेप्ट आर्ट म्हणजे नेमकं काय?

कल्पनारम्य सिनेमात जे दिसतं ते आधी कुठेच नसतं. लग्नाचा प्रसंग असेल तर कॅमेरा घेऊन मंगल कार्यालयात जाता येतं, पण राक्षसाच्या राजधानीचा पत्ता कोणाला विचारणार? ती राजधानी सुतार, शिंपी, लोहार, रंगारी आणि कॉम्प्युटरवर बसलेली मंडळी मिळून बनवणार असतात. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी राजधानी असली तर झालंच कल्याण! म्हणून सिनेमा सुरू होण्याआधी चित्रकार ती कागदावर उभी करतो. ते चित्र म्हणजे कन्सेप्ट आर्ट. अशी शेकडो चित्रं निवडून, क्रमाने लावून छापली की आर्ट बुक होतं.

आपल्याला पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. त्या ड्रॉइंगमधून कळतं 'किती': किती लांब, किती जाड, भोक किती व्यासाचं. कन्सेप्ट आर्ट त्याच्या आधीची पायरी आहे. ती ठरवते 'कसं आणि का'. पूल दगडी असावा की दोराचा? तिथले लोक दगड फोडणारे आहेत की झाडावर राहणारे? एकदा हे ठरलं की मग मापं येतात. आर्ट बुक नीट चाळलं तर हा प्रवास पायरीपायरीने दिसतो. आधी नखाएवढी झटपट रेखाटनं, मग नुसत्या काळ्या आकृत्या (लांबून आकार ओळखू येतो का ते बघायला), मग रंग आणि उजेड, आणि शेवटी चारही बाजूंनी काढलेलं, मापं टाकलेलं चित्र. ते शेवटचं चित्र वर्कशॉपमध्ये जातं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ॲलन ली आणि जॉन हाऊ या दोन चित्रकारांना न्यूझीलंडला बोलावून घेतलं. दोघंही आधीपासून टॉल्किनच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारे. त्यांच्या चित्रांवरून शहरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती बनल्या. मिनास तिरिथ या शहराची प्रतिकृती १:७२ प्रमाणात होती. प्रमाण म्हटलं की आपले कान टवकारतात, नाही का? तिसऱ्या भागाच्या कला-दिग्दर्शनाला २००४ मध्ये ऑस्कर मिळालं. ते घेणाऱ्या तिघांत ॲलन ली होता.

विमानाच्या कंपनीतला चित्रकार

आपल्याला जवळचं वाटेल असं एक उदाहरण सांगतो. राल्फ मॅक्वारी हा बोइंग विमान कंपनीत तांत्रिक चित्रं काढायचा. म्हणजे यंत्राचा भाग कुठे बसतो, कसा बसतो याची चित्रं. १९७५ मध्ये जॉर्ज लुकासने त्याला 'स्टार वॉर्स'साठी काही चित्रं काढायला सांगितली. सिनेमा कसा दिसेल हे स्टुडिओवाल्यांना शब्दांत पटत नव्हतं, ते या चित्रांमुळे पटायला मदत झाली. सिनेमा १९७७ मध्ये आला आणि 'द आर्ट ऑफ स्टार वॉर्स' हे पुस्तक १९७९ मध्ये.

यातली डार्थ व्हेडरच्या मुखवट्याची गोष्ट मला फार आवडते. तो खलनायक एका यानातून दुसऱ्या यानात शिरतो असा प्रसंग होता. मॅक्वारीने विचार केला, दोन यानांच्या मध्ये हवा नाही, मग हा श्वास कसा घेणार? म्हणून त्याने त्याच्या तोंडावर श्वास घेण्याचं यंत्र काढलं. पुढे ते त्या पात्राची ओळखच होऊन बसलं. भीतीदायक काहीतरी काढायचं म्हणून तो मुखवटा निघाला नाही, एका प्रश्नाचं उत्तर म्हणून निघाला. 'ब्लेड रनर' (१९८२) या सिनेमाचं भविष्यातलं शहर रंगवणारा सिड मीडसुद्धा असाच. तो आधी फोर्ड कंपनीत गाड्यांची डिझाइनं करायचा.

म्हणजे काय, खोट्या जगाला खरं करणारी गोष्ट तर्क आहे. एक गोष्ट खोटी धरली की बाकीच्या सगळ्या त्या खोट्याशी प्रामाणिक राहिल्या पाहिजेत. आपण गणितात 'समजा क्ष' म्हणतो आणि मग शेवटपर्यंत क्षशी इमान राखतो, तसंच हे.

मग आपल्याकडे?

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं. तर तसं नाही, मित्रांनो. आपल्याकडचा सिनेमाच मुळात चित्रकारांनी सुरू केला, आणि सुरुवात केली तीही अद्‌भुत कथांनी. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आपल्याला पाठ आहे, पण पुढचे 'लंका दहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) म्हणजे आजच्या भाषेत फँटसीच! मारुतीची शेपटी पेटवायची, कृष्णाला नागाशी पाण्याखाली झुंजवायचं, आणि हे सगळं हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर.

त्याहून जवळचं उदाहरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं. मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव थांबले नाहीत. त्यांनी कॅमेरा स्वतः तयार केला (हो, स्वतः! मेकॅनिकलवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात) आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की बाबूराव पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली, त्यांचं उभं राहणं हे सगळं आधी कागदावर रेखाटून ठेवायचे आणि मग चित्रीकरण करायचे. कन्सेप्ट आर्ट हा शब्द नव्हता, पण काम तेच होतं. रंगवलेल्या सपाट पडद्याच्या जागी खोली, खांब, दारं असलेला घडीव सेट आणणाऱ्यांत ते पहिले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये 'प्रभात' काढली. त्यातले साहेबमामा फत्तेलाल हे कला-दिग्दर्शक. 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तुकोबांना न्यायला येणारं गरुडविमान आठवा, 'संत ज्ञानेश्वर'मधली (१९४०) चालणारी भिंत आठवा. ते विमान आधी कोणीतरी कागदावर काढलं असणारच ना? पंख किती, बसायची जागा कुठे, उतरताना कोणती बाजू दिसेल?

अगदी अलीकडचं बोलायचं तर 'तुंबाड' (२०१८). दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी शूटिंगच्या कितीतरी आधी त्याचा सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला होता. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी केलेली रेखाटनांची वही २०१६ मध्ये पुस्तकरूपात आली. पण 'सैरंध्री'ची प्रत आज शिल्लक नाही. सिनेमा गेला. ज्या कागदावर तो पहिल्यांदा उभा राहिला होता, तो कागद जपला जाणं किती मोलाचं असतं ते अशा वेळी कळतं.

हे मला कळलं तेव्हा मी हॉस्टेलवर नव्हतो. घरी होतो, आणि मान खाली घालून बसलो होतो.

कोंढ्याची वही

माझं गाव कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. आमचा भाग झाडीपट्टीचा. इथे दिवाळी झाली की मंडई भरते, पुढे शंकरपट, आणि रात्री नाटक. रात्री म्हणजे रात्रभर! होळीपर्यंत हा सीझन चालतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

माझे मोठे बाबा (वडिलांचे मोठे भाऊ) गावातल्या आणि आजूबाजूच्या मंडळांचे पडदे रंगवायचे. दरबार, जंगल, रस्ता, देऊळ. मांजरपाटाचं कापड, सरसात कालवलेले रंग, आणि गुंडाळायला बांबू. नंतर फ्लेक्स आले. एका दिवसात छापून मिळतात, धुतले तरी चालतात. मोठ्या बाबांचं काम बंद पडलं. त्याबद्दल ते कधी कोणाला बोलले नाहीत.

त्यांची एक वही होती. दुकानदाराच्या कीर्दीसारखी लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात प्रत्येक पडद्याचं चित्र. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. बारावीत असताना मला गणितं सोडवायला कागद लागायचे. त्या वहीच्या पानांची मागची बाजू कोरी होती. 'जुनी वही आहे, कोण बघतंय,' असं म्हणून मी तिची अकरा पानं फाडली. डेफिनिट इंटिग्रल्स सोडवली आणि चुलीत टाकली.

त्या आर्ट बुकच्या रात्रीनंतर मी दिवाळीला घरी गेलो आणि माळ्यावरून ती वही काढली. कसर लागलेली, कडा कुरतडलेल्या. पण उघडली आणि मी खालीच बसलो. तेच पुस्तक होतं हो! नखाएवढी रेखाटनं होती, खांबांचे चार-चार नमुने होते, एकावर बरोबरची खूण, बाकीच्यांवर काट. बाजूला बारीक अक्षरात 'पिवळा कमी', 'राणी इकडून'.

मोठ्या बाबांना आता दिसत नाही. काचबिंदू होता, उशिरा कळला. गेलेली नजर त्यात परत येत नाही. मी वही घेऊन त्यांच्या खाटेजवळ गेलो आणि म्हटलं, "मोठे बाबा, हे काय आहे समजावून सांगा ना."

ते म्हणाले, "मले दिसत नाही बाबू. तूच सांग काय दिसते ते, मग मी सांगतो."

आणि तिथे माझी खरी परीक्षा झाली. मी म्हटलं, "एक महाल आहे."

"महाल तं सगळेच रायते. कसा हाय? मानूस कोठी हाय?"

माणूस? मी नीट बघितलं. कोपऱ्यात पेन्सिलने काढलेला एक छोटा माणूस होता. पुढच्या पानावरही होता. प्रत्येक पानावर होता, आणि सगळीकडे सारखीच उंची. पट्टी लावली, पावणेतीन इंच. मग त्यांनी हिशेब सांगितला. त्यांचा पडदा चोवीस फूट रुंद, चौदा फूट उंच. वहीच्या जोडपानावर चित्र बारा इंच बाय सात इंच. म्हणजे एक इंचाला दोन फूट, आपल्या भाषेत १:२४. साडेपाच फुटांचा नट कागदावर पावणेतीन इंच. चित्रावर एक-एक इंचाच्या चौकटी, एकूण चौऱ्याऐंशी. कापडावर सुतळीला गेरू लावून दोन-दोन फुटांच्या तितक्याच चौकटी झटकायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. माणसाचं शिक्षण सातवी.

मग मी विचारलं, प्रत्येक चित्रात एक आडवी रेघ अडीच इंचावर का आहे? ते हसले. "राजाच्या डोऱ्याची रेघ हाय ते. दरबाराची फरशी, खांब, सगळं त्या रेघेकडं पराले पायजे. रेघ वर गेली तं राजा खड्ड्यात उभा दिसते." अडीच इंच म्हणजे पाच फूट, नटाच्या डोळ्यांची उंची. हा आपला परस्पेक्टिव्ह, होरायझन लाइन! शीटवर मी ती पंचवीस वेळा काढली असेल. पण ती कोणासाठी असते, हे मला त्या खाटेजवळ कळलं.

शेवटून तिसऱ्या पानावर एक विचित्र चित्र होतं. वर आकाशाच्या जागी नुसत्या लोंबणाऱ्या जाड-बारीक रेघा. खाली एक दरवाजा, अगदी पवनीच्या किल्ल्याच्या दरवाजासारखा. सावल्या सगळ्या उलट्या, वरच्या बाजूला गेलेल्या. मी हे सांगितलं तसे ते उठून बसले. "पातारनगरी हाय ते! ते झालंच नाही."

एका मंडळाने नागलोकाचं नाटक ठरवलं होतं. मोठ्या बाबांनी विचार केला, पाताळात आकाश नाही, मग वर काय दिसेल? विहीर खोदताना त्यांनी जमिनीतल्या मुळ्या पाहिल्या होत्या. म्हणून वर मोहाच्या झाडांच्या मुळ्या काढल्या. आणि सूर्य नाही तर उजेड कुठून? नागाच्या मण्याचा. तो जमिनीवर ठेवलेला. म्हणून सावल्या वर. स्टेजवर पुढे खालीच दिवे ठेवायचे, म्हणजे खरा उजेड आणि चितारलेला उजेड एकाच बाजूने येईल. त्या वर्षी अवकाळी पावसाने धान झोपला, वर्गणी जमली नाही, नाटक रद्द झालं. पडदा वहीतच राहिला.

व्हेडरचा मुखवटा आणि ही पाताळनगरी यांत मला तरी फरक दिसत नाही. हवा नाही तर श्वास कसा? आकाश नाही तर वर काय?

तर आर्ट बुक कसं बघावं?

पार्टनरच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. सिनेमात फक्त 'झालेलं' दिसतं. आर्ट बुकमध्ये न झालेलंही दिसतं, आणि का नाही झालं तेही. ओढ त्याची आहे. पुढच्या वेळी असं पुस्तक हाती आलं तर या चार गोष्टी करून बघा.

१) आधी माणूस शोधा. चित्रात छोटी मानवाकृती असतेच. तिच्यावरून प्रमाण काढा.

२) उजेड कुठून येतो ते बोटाने दाखवा. दाखवता आलं नाही तर एकतर चित्र कच्चं आहे किंवा आपण.

३) काट मारलेले नमुने निवडलेल्या नमुन्याशेजारी ठेवून बघा. काय गेलं आणि काय राहिलं? निर्णय तिथे सापडतो.

४) आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्र न दिसणाऱ्या माणसाला ते सांगून बघा. 'छान आहे', 'भारी आहे' हे शब्द वापरायचे नाहीत. तुम्ही काय पाहिलं आणि काय नुसतं चाळलं, हे दोन मिनिटांत कळतं.

त्या दिवाळीत मी वहीच्या सदतीसही पानांचे खिडकीच्या उजेडात फोटो काढले. मोठे बाबा बोलत होते ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मग अकरा पानांचं सांगणं भाग होतं. सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "गणितं तरी बरोबर आली होती का?"

मी म्हटलं, "सगळी नाही."

"त्यात आपला मोठा दरबार होता," ते म्हणाले. "कागद आन. मी सांगतो, तू काढ."

मी ड्रॉइंग शीट आणली. बारा बाय सातची चौकट आखली. कोपऱ्यात पावणेतीन इंचांचा माणूस काढला. अडीच इंचांवर रेघ ओढली. दरबाराला सोळा खांब होते, मला बारापर्यंतच जमले. ते म्हणाले, चार उन्हाळ्याच्या सुट्टीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी वही असेल. आजीची रांगोळीच्या ठिपक्यांची, आजोबांची बैलगाडीच्या चाकाच्या मापांची, मामाची मूर्तीच्या साच्यांची. मागची बाजू कोरी आहे म्हणून ती फाडू नका. आणि ज्याने ती लिहिली तो माणूस जवळ असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)